पाचवा सांधा

१

धक्क्यावर त्यांना सगळे सांधेबुवा म्हणत. बोटींच्या रडारच्या केबली तुटल्या, कुजल्या, उंदरांनी कुरतडल्या, की त्या जोडून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. दुकानाच्या पाटीवर जागा कमी पडली म्हणून पेंटरनं नुसतंच 'सांधे जोडून मिळतील' असं लिहिलं, आणि तेव्हापासून गुडघेदुखीची म्हातारी माणसं काठी टेकत दारात येऊन बसू लागली. बुवा त्यांनाही परत पाठवत नसत. आधी तेल लावून बघा, म्हणत. आठवडाभरात उतार नाही पडला तर मग या.

त्यांचं म्हणणं एकच होतं. जगात जे काही बिघडतं ते सांध्यात बिघडतं. नळ गळतो तो सांध्यात, खुर्ची करकरते ती सांध्यात, आणि नवरा-बायकोचं वाजतं तेही मधल्या सांध्यातच कुठंतरी. सांधा नीट असेल तर बाकी सगळं आपोआप नीट. आणि बुवांचा सांधा आजवर परत आलेला नव्हता. तीस वर्षांत एकही नाही. हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत, ऐकायला कोणी नसलं तर स्वतःशीच म्हणत.

त्या दिवशी सकाळी बायकोनं चहाचा कप पुढं ठेवला, पण कपावरचा हात काही काढला नाही.

"बाळची बोट आज दुपारच्या भरतीला सुटतेय."

बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, भरघोस मिशा, स्वतःची बोट, हाताखाली तीन माणसं. पण आई लवकर गेली आणि हिनं त्याला कडेवर घेऊन वाढवला, म्हणून तो अजून बाळच होता.

"ठाऊक आहे," बुवा म्हणाले. "केबल जोडायला मीच तर चाललोय."

"गेल्या आठवड्यात धुक्यात खडकावर जाता जाता वाचला तो. रडार बंद होतं म्हणून. आता माझं ऐका. रडार नीट झालं तरच त्याला सोडा. नाही झालं तर तोंडावर सांगा, जाऊ नकोस म्हणून. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकतो."

"न व्हायला काय झालं? माझा सांधा आहे तो."

"तेच तर! तुमचं काही चुकलंय असं तुमच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. भाजी खारट केलीत तेव्हासुद्धा मीठच खराब निघालं."

"होतंच ते खराब."

"असेल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "मला माझा भाऊ हवाय हो. तुमचं नाव नकोय."

तेव्हा कुठं तिनं कप सोडला. चहा गार झाला होता, पण बुवांनी तो तसाच पिऊन टाकला.

२

मेहुण्याची बोट धक्क्याच्या अगदी टोकाला बांधलेली होती. मधे एक जाड फळी टाकलेली. बर्फवाला बर्फ भरून मोकळा झाला होता आणि आता दुसरं काही काम नाही म्हणून धक्क्यावर पेटीवर बसून लोकांची थट्टा करत होता. बोटीची माणसं बाजारहाट करायला गेली होती, दोनपर्यंत येणार होती. बोटीवर मेहुणा एकटा.

"या भावजी! तासाभराचं काम ना?"

"अर्ध्या तासाचं," बुवा म्हणाले.

रडारची केबल डोलकाठीच्या शेंड्यावरच्या फिरत्या दांडीपासून निघते आणि काठीच्या कडेनं खाली केबिनमधल्या पडद्यापर्यंत येते. अर्ध्या वाटेवर, शिडीच्या नवव्या पायरीसमोर, ती दोराला घासून घासून सोलली होती. आत खारं पाणी शिरलं होतं आणि तांबं हिरवं पडलं होतं. बुवांनी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला, कारण वर माणूस असताना खाली कोण काय चालू करील त्याचा नेम नाही. मग चढून नासका भाग कापून टाकला. कापलं की केबल तेवढी आखूड होते. त्यासाठी केबिनच्या छतात थोडी जास्तीची गुंडाळून ठेवलेली असते, तिथून वीतभर ओढून घ्यायची. एका सांध्याला एक वीत जातेच.

मग खरं काम. आतल्या प्रत्येक रंगाची तार वेगळ्या उंचीवर जोडायची, म्हणजे एका जागी गाठ येत नाही. प्रत्येकीला सोल्डर, प्रत्येकीला पातळ नळी, सगळ्यांवरून तारेची जाळी सारखी करून ओढायची, वरून रबराची पट्टी ताणून गुंडाळायची. बुवा तारा मोजत काम करत, तोंडानं पुटपुटत. त्यांचा सांधा डोळे मिटून हात फिरवला तरी सापडत नसे. खाली मेहुणा एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं फोनवर बोलत होता आणि शिडी लटलटत होती.

"अरे, नीट धर की!"

"धरलीय हो भावजी, शिडीच म्हातारी झालीय."

फ्यूज लावला. पडदा उजळला. मधोमध आपली बोट, भोवती एकात एक वर्तुळं. गोदामाची भिंत आली, क्रेन आली, दगडी बांधाची लांब रेघ आली, नांगरलेल्या बोटी आल्या. चित्र असं स्वच्छ की मेहुण्यानं बुवांच्या पाठीवर थाप मारली.

"वा! आणि हे काय हो?"

बोटीच्या मागं, डाव्या अंगाला, मोकळ्या पाण्यात एक ठिपका होता. लहानसाच, पण ठसठशीत. बुवांनी पडद्यावरचा काटा त्याच्यावर नेऊन अंतर बघितलं. एकशे साठ पावलं.

"पिंप असेल तरंगत," बुवा म्हणाले.

मेहुणा बाहेर जाऊन कपाळावर हात धरून बघून आला. "पाणी आहे भावजी. नुसतं पाणी."

३

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं, असेल काहीतरी, जेवायला चला. पण बुवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी जोडलेल्या रडारवर नसलेली वस्तू दिसते म्हणजे काय? सांधा वाईट असला की पडद्यावर सगळीकडं भुरभुर दिसते, नाहीतर मधोमध एक पुरं कडं उमटतं. ठिपका उमटत नाही. ठिपक्याला दिशा लागते, आणि तारेतल्या दोषाला दिशा कुठली? हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दुसरं कारण शोधायचं तर सांधा सोडून विचार करायला हवा होता, आणि तशी सवय नव्हती.

"पुन्हा करतो," ते म्हणाले.

"चांगलं दिसतंय की, भावजी."

"पुन्हा करतो म्हटलं ना!"

त्यांनी सांधा कापला. वीतभर केबल ओढून घेतली. पुन्हा तारा, सोल्डर, जाळी, पट्टी. पेटीवरून बर्फवाला ओरडला, "काय बुवा, दोनदा? आज गुडघ्यांचा पेशंट आहे का?" बुवांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

पडदा उजळला. भिंत, क्रेन, बांध, बोटी. आणि ठिपका.

"सरकलाय," मेहुणा म्हणाला.

काटा म्हणत होता, एकशे वीस.

"म्हणजे पिंपच," बुवा म्हणाले. "वाहत येतंय."

"भरती यायचीय अजून. पाणी बाहेर चाललंय. येईल कसं वाहत?"

 दोघे बाहेर आले आणि दुर्बीण लावून आळीपाळीनं त्या दिशेला बघत बसले. इतक्यात माणसं पोचवणारी लाँच समोरून गेली आणि तिच्या लाटा पसरत धक्क्याकडं आल्या. सगळीकडून आल्या, फक्त एका ठिकाणाहून नाही. तिथं अंथरुणाच्या चादरीएवढा पाण्याचा तुकडा होता, सपाट, इस्त्री केल्यासारखा. लाटा त्याच्याजवळ आल्या, दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेल्या आणि पलीकडं पुन्हा एक झाल्या.

"तेल सांडलं असेल," बुवा म्हणाले.

"हो," मेहुणा जरा घाईनंच म्हणाला. "तेलच असणार."

पण तेल रडारवर दिसत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. 

४

तिसरा सांधा त्यांनी चष्मा पुसून केला. चूक कुठं होऊ नये म्हणून प्रत्येक तार मीटरवर तपासली, जाळीचा केसभर तंतूसुद्धा बाहेर राहू दिला नाही. ठिपका ऐंशी पावलांवर आला.

चौथा त्यांनी रागानं केला. मेहुणा खालून सारखा सांगत होता, भावजी, जेवून घ्या, भावजी, उन्हात चक्कर येईल. बर्फवाल्यानं तर जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवून दाखवायला सुरुवात केली होती. "ते बघा सांधेबुवा. चौथ्यांदा. तीस वर्षांत एकही परत आला नाही म्हणे. येईल कसा, सोडतायत कुठं?" लोक हसत होते. बुवांचे कान तापले होते, पण हात चालतच होते. सांधा झाला तो असा झाला की त्यांनाच तो क्षणभर सापडेना.

चाळीस पावलं.

बुवा केबिनमधल्या स्टुलावर बसले. मेहुणा डबा उघडत होता आणि केबिनभर जेवणाचा वास सुटला होता, पण बुवांची भूक मेली होती. एकशे साठ, एकशे वीस, ऐंशी, चाळीस. पाण्यात वाहणारी वस्तू अशी मापात पावलं टाकत येत नाही. आणि मधल्या वेळात? पडदा चालू असायचा तोवर ठिपका तसूभरही हललेला नव्हता. दर वेळी तो हलला होता फक्त एका गोष्टीनंतर. बुवांनी केबल कापल्यावर.

इकडून एक वीत जाते. तिकडून ते चाळीस पावलं येतं.

'चल, काहीतरीच,' बुवा मनाशी म्हणाले. 'उपाशीपोटी माणसाला काहीही सुचतं.' त्यांनी दोन घास खाल्ले. तरी तेच सुचत होतं. ओढून घेतोय आपण त्याला. तारेच्या त्या टोकाला कोणीतरी धरलंय, आणि आपण मूर्खासारखे वीत वीत करून आत ओढतोय.

"भावजी, तुम्ही घामाघूम झालात."

"उन्हानं," बुवा म्हणाले. "बाळ, आज नाही गेलास तर चालणार नाही का?"

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "बर्फ भरलाय, माणसं येतायत, सगळ्या बोटी पुढं गेल्या. का? सांध्यात काही गडबड आहे?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं, एक अक्षर. बायकोचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आलासुद्धा. पण बाहेर बर्फवाला खिदळत होता आणि तीस वर्षांचं नाव आडवं आलं.

"सांध्यात?" बुवा म्हणाले. "माझ्या? वेडा आहेस का?"

५

मग त्यांनी स्वतःला पटवलं ते असं. हा निव्वळ योगायोग आहे. योगायोग आहे हे सिद्ध करायचं तर एकदा शेवटचं कापून बघायचं. ठिपका तिथंच राहिला तर आपण खुळे, आणि खुळे ठरलो तर जीव भांड्यात पडेल. केबिनच्या छतात केबलही आता एकाच सांध्यापुरती उरली होती. शहाण्या माणसाला असं काही सुचत नाही, फक्त सांधे जोडणाऱ्याला सुचतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी वेगळी केली. फ्यूज खिशात न टाकता मेहुण्याच्या हातात दिला.

"मी वरून 'लाव' म्हणालो की केबिनमध्ये जाऊन लाव आणि पडद्यावर काय दिसतं ते तिथूनच ओरडून सांग. तोवर शिडी धर. दोन्ही हातांनी."

"तुम्ही खाली नाही येणार बघायला?"

"गुडघे दुखतायत," बुवा म्हणाले. खरं कारण असं की त्यांना तो पडदा पुन्हा बघायचा नव्हता.

नववी पायरी. त्यांनी केबल कापली. कात्रीसारखा तो लहानसा आवाज झाला आणि बोटीच्या डाव्या अंगाला टांगलेले जुने टायर हळूच कुरकुरले, बोटीला कोणी टेकलं की कुरकुरतात तसे. बुवांनी तिकडं बघितलं नाही. पकड दातांत धरून ते तारा मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार. खाली शिडी लटलटत होती, फोन वाजत होता, मेहुणा कुणाला तरी "दोनला निघतोय" म्हणत होता. बुवांना त्या लटलटण्याचा आज पहिल्यांदाच आधार वाटला.

पाचवा सांधा हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सांधा होता. कधी कधी हाताला असा दिवस मिळतो. तारा जणू आपणहून जागेवर बसत गेल्या. पट्टीचं शेवटचं टोक दाबून बसवलं आणि बुवांना वाटलं, हा कुणाला तरी दाखवायला हवा, पण जो दिसतच नाही तो दाखवायचा कसा. दातांतली पकड खिशात घालत ते ओरडले, "लाव!"

६

पावलं केबिनकडं गेली. दार वाजलं. डोक्यावरची दांडी फिरायला लागली.

"भावजी!" केबिनमधून आवाज आला. "साफ! एकदम साफ! ठिपकाबिपका काही नाही!"

बुवांच्या अंगातून सगळं ओझं उतरलं. त्यांनी काठीला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले. झालं. सांध्यातच होतं म्हणजे. खाली केबिनमध्ये मेहुणा फोनवर मोठमोठ्यानं सांगत होता, "ताई, झालं बरं का! भावजींनी केलं! पाच वेळा केलं, पण केलं!" धक्क्यावरून बर्फवाल्यानं टाळ्या वाजवल्या. बुवांना हसू आलं. तीस वर्षांत एकही नाही, ते पुटपुटले.

मग त्यांना आठवलं ते रडारचं पहिलं पान. धंद्यात शिरल्यावर पहिल्या दिवशी जे शिकवतात ते. रडारला जवळचं दिसत नाही. आपल्या बोटीभोवती तीसेक पावलांचं एक वर्तुळ असतं, त्यात काहीही आलं तरी पडद्यावर उमटत नाही. लांबचा बांध दिसतो, क्रेन दिसते, पण अगदी शेजारी येऊन उभं राहिलेलं काही दिसत नाही.

चाळीसातून चाळीस गेले.

पडदा साफ होता, म्हणजे ते गेलं नव्हतं. ते आलं होतं.

"बाळ," बुवांनी हाक मारली, पण ती केबिनपर्यंत पोचलीच नाही. केबिनमध्ये मेहुणा हसत होता. "हो गं ताई, जेवले भावजी, दोन घास जेवले." केबिनमध्ये. आत. पडद्यासमोर.

आणि शिडी हलत नव्हती.

सकाळपासून जी म्हातारी शिडी लटलटत होती ती जमिनीत पुरल्यासारखी घट्ट उभी होती. कोणीतरी ती धरली होती, चांगली, दोन्ही हातांनी, सांगितलं होतं तशी.

बुवांची पाचावर धारण बसली. बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि बघितलं. स्वतःच्या दोन चपलांच्या मधून खाली. शिडीच्या पायथ्याशी उन्हामुळं डेक चकाकत होता, तिथं नीट दिसेना. पण शिडीच्या दोन्ही दांड्यांवर, तिसऱ्या पायरीच्या खाली, बोटं होती. ओली, फिकट, दांडीला वेढा घालून बसलेली. सवयीनं बुवा मोजायला लागले आणि मधेच थांबले. तारा मोजताना ते असे कधी थांबले नव्हते. थांबले, कारण संपायला हवी होती तिथं ती संपली नाहीत.

७

माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो. बुवांना मात्र बायको आठवली.

अर्ध्या तासात माणसं येतील, भरती चढेल, दोर सुटेल. खाली काहीतरी आहे म्हणून ओरडलं तर बाळ हसेल, धक्का हसेल, आणि बोट जाईल. साफ पडदा बघून जाईल. बाळ फक्त एका गोष्टीला थांबेल, ती म्हणजे रडार बंद पडणं. बुवांनी खिशातून पकड काढली. पाचव्या सांध्यावरून एकदा अंगठा फिरवला. तेव्हाही तो सापडला नाही, समोरची पायरी बघूनच कळलं कुठं आहे ते. त्यांचे डोळे भरून आले, आणि याची त्यांना लाजही वाटली, की खाली हे असं असताना आपण रडतोय ते एका सांध्यासाठी.

त्यांनी सांध्याच्या बरोबर मधोमध पकड दाबली. ठिणगी उडाली. केबिनमध्ये फट् असा आवाज झाला. दांडी फिरता फिरता मंदावली आणि थांबली.

आणि शिडी लटलटायला लागली. आयुष्यात कुठल्या लटलटणाऱ्या वस्तूवर बुवांनी इतकं प्रेम केलं नसेल. खाली न बघता ते उतरले, पायरी पायरी पायानं चाचपत. डेकवर पाण्याचा ओहोळ होता आणि तो डावीकडं गेलेला होता, इतकंच डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं.

मेहुणा केबिनमधून तीरासारखा बाहेर आला. "भावजी! काय केलंत हे? चालू होतं! साफ होतं सगळं!"

"नव्हतं साफ."

"अहो, मी बघितलं डोळ्यांनी! तुम्ही स्वतः कापलंत वरून! वेड लागलंय का तुम्हाला? आता निघू कसा मी?"

"निघायचं नाही," बुवा म्हणाले. धक्क्यावर बर्फवाला उभा राहिला होता, त्याच्याबरोबर आणखी पाचसहाजण. बुवांनी त्या सगळ्यांकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा सांधा चुकला. मला हे काम जमलं नाही. दुसरा कोणी बोलवा."

कोणी हसलं नाही. बर्फवाल्याला खरं तर हसायचं होतं, त्यासाठीच तो सकाळपासून बसला होता, पण त्याला ते जमेना.

मेहुण्याचा राग चढता चढता मधेच थांबला. तो बुवांच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ताई म्हणते," तो हळूच म्हणाला, "जीव गेला तरी हे वाक्य तुमच्या तोंडून निघणार नाही."

बुवांनी त्याचा दंड धरून त्याला फळीकडं वळवलं.

"काय होतं, भावजी?"

"उतर आधी. खाली उतरल्यावर सांगतो."

"नको," मेहुणा म्हणाला. "सांगूच नका."

त्यानं केबिनचं दारसुद्धा लावलं नाही. डबा तसाच, फोन तसाच, आणि फोनमधून ताईचा आवाज येतच होता. दोघे फळीवरून धक्क्यावर आले, आधी मेहुणा, मागं बुवा. चालताना दोघांनीही तोंडं सरळ समोर ठेवली होती, जसं काही मागं मानच वळत नाही.

८

"भावजी, फळी काढा," मेहुणा म्हणाला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मेहुण्यानं बुवांना कधी काम सांगितलं नव्हतं, आणि कोणी सांगितलेलं बुवांनी कधी मुकाट्यानं केलं नव्हतं. ते लगेच वाकले. मेहुणाही वाकला. एरवी ही फळी एकटा माणूस काखेत मारून नेतो. दोघांनी धरून ओढली, पण ती जागची हलेना. अडकली नव्हती कुठं. जड होती. मधोमध किंचित वाकलेली होती.

"ओढ," बुवा म्हणाले.

"ओढतोय, भावजी."

"वर बघू नकोस."

"मी कुठं बघतोय? तुम्ही बघू नका."

"मी फळीकडं बघतोय."

"मीपण फळीकडंच बघतोय."

फळी आणखी जराशी वाकली. वाकण्याची जागा सरकत होती, पण कुठल्या दिशेनं ते फळीकडं डोळे लावूनही दोघांना सांगता आलं नसतं, कारण दोघांनीही एव्हाना डोळे गच्च मिटले होते. मागं बर्फवाला काहीतरी म्हणायला गेला आणि त्याची पेटी पालथी पडल्याचा आवाज आला. मग पळणाऱ्या पावलांचा. बऱ्याच पावलांचा.

आणि फळी एकदम हलकी झाली. इतकी एकदम, की दोघे तिच्यासकट धक्क्यावर उताणे पडले.

फळी निघाली होती. बोट आणि धक्का यांच्यामधे आता नुसतं पाणी होतं. म्हणजे जे होतं ते फळीवरून उतरलं होतं. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या बाजूला. परत बोटीवर, की इकडं.

कुठंच काही वाजत नव्हतं. बुवा डोळे मिटून पडून राहिले. पाठीखाली दगड तापलेला होता. "बाळ?" त्यांनी हळूच विचारलं. "आहेस ना रे?"

उत्तर आलं नाही. पण शेजारून एक हात आला आणि त्यानं बुवांचा हात धरला. घट्ट धरला. हात ओला होता. घाबरलेल्या माणसाचा हात ओला असतोच, बुवांनी स्वतःला समजावलं. त्यांचा स्वतःचाही होताच की ओला. त्यांनी तो हात सोडला नाही, कारण तो बाळचा असला तर त्याला असा सोडून ते घरी कुठल्या तोंडानं गेले असते? डोळे न उघडताच त्यांनी अंगठ्यानं चाचपत त्या हाताची बोटं मोजायला सुरुवात केली.